दादा, चालू आहे ना?

गेले आठ दिवस आमच्या गावातल्या तीन वेगवेगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच क्लिप फिरतेय. लाल टी-शर्ट घातलेला माणूस, उभा कातळ, खाली मुंग्यांएवढी झाडं, आणि अंगाला दोर नाही. वर कुणीतरी मराठीत लिहिलंय, 'भीती फक्त मनात असते'. खाली अंगठे, फुलं, जोडलेले हात. एका क्लासवाल्या सरांनी तर ती दहावीच्या पोरांना दाखवली म्हणे, 'बघा, मनात आणलं तर काय होतं' म्हणून.

ही क्लिप ज्या सिनेमातली आहे तो मी दोनदा पाहिलाय. पहिल्यांदा मध्येच बंद केला होता. का केला ते सांगायलाच आज लिहितोय. पोस्ट लांब आहे, वेळ असेल तरच वाचा.

सिनेमाचं नाव 'फ्री सोलो'. २०१८ चा. नॅशनल जिओग्राफिकचा माहितीपट, दिग्दर्शक एलिझाबेथ चाई वासारेली आणि जिमी चिन हे नवरा-बायको. २०१९ साली त्याला सर्वोत्तम माहितीपटाचं ऑस्कर मिळालं. त्यातला माणूस म्हणजे ॲलेक्स हॉनोल्ड. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या दरीत एल कॅपिटन नावाचा ग्रॅनाइटचा कडा आहे, सुमारे ३,००० फूट उंच. कुतुबमिनार एकावर एक असे बारा-तेरा रचले तर तेवढी उंची होईल. ३ जून २०१७ ला पहाटे साडेपाचच्या सुमाराला हॉनोल्ड त्याच्या पायथ्याशी उभा राहिला आणि ३ तास ५६ मिनिटांनी वर पोचला. पायात बूट, कमरेला हाताचा घाम शोषणाऱ्या खडूच्या पुडीची पिशवी. बास. त्या कड्यावर दोराशिवाय एकट्यानं जाणारा तो पहिलाच.

इथं एक गोंधळ होतो तो आधी सोडवतो, कारण ग्रुपवर लोक दोन्ही एकच समजून वाद घालतायत. 'फ्री क्लायंबिंग' म्हणजे हातापायांच्या जोरावर चढायचं, पण दोर अंगाला असतो. तो वर ओढायला नसतो, पडलात तर झेलायला असतो. जगभरातले बहुतेक चांगले आरोहक हेच करतात. 'फ्री सोलो'मध्ये तो झेलणारा दोरही नाही. हात सुटला की विषय संपला. आपल्याकडं सह्याद्रीत सुळके चढणाऱ्या संस्थांमधल्या कुणालाही विचारा, पहिल्या दिवशी ते गाठ मारायला शिकवतात आणि ती गाठ दुसऱ्यानं तपासायची हे शिकवतात. त्यात आपला दगड बेसॉल्टचा. हाताला मजबूत लागलेला धोंडा कधी हातात येईल सांगता येत नाही, पावसाळ्यानंतर तर नाहीच.

आता त्या क्लिपमध्ये काय दिसत नाही ते सांगतो.

हॉनोल्ड एल कॅपिटनच्या ज्या वाटेनं गेला तिचं नाव 'फ्रीरायडर'. साधारण तीस टप्पे. ही वाट त्यानं दोर लावून कितीदा चढली-उतरली याची गणती नाही. वर्षभराहून जास्त काळ हेच चाललेलं. अवघड जागांवर दोराला लटकून तो एकेक पकड तपासायचा, कुठला अंगठा कुठं, कुठला पाय कधी, हे वहीत लिहायचा आणि पाढ्यासारखं पाठ करायचा. वरच्या बाजूच्या भेगांमधले सुटे दगड त्यानं पाठपिशवीत भरून काढले, ऐनवेळी पायाखाली नकोत म्हणून. दोन हजार फुटांच्या वर एक जागा आहे, तिला ते लोक 'बोल्डर प्रॉब्लेम' म्हणतात. तिथं जेमतेम अंगठा टेकेल एवढ्याशा खाचेवर भार घेऊन अंगठे बदलायचे, आणि मग डावा पाय कराटेतल्या लाथेसारखा थेट पलीकडच्या भिंतीवर टाकायचा. हे त्यानं दोरावर लटकून पुन:पुन्हा केलं. घरी, म्हणजे ज्या व्हॅनमध्ये तो अनेक वर्षं राहत होता तिच्यात, अंग लवचिक करण्याचे व्यायाम केले, का तर ती एक लाथ नीट बसावी. त्याच्यासोबत सरावाला टॉमी काल्डवेल असायचा. या टॉमीच्या डाव्या हाताची तर्जनी तुटलेली आहे आणि तरी २०१५ साली त्यानं जोडीदारासोबत एल कॅपिटनवरच्या 'डॉन वॉल'ची चढाई पूर्ण केली. दोर लावून! दोर लावणारा भित्रा असतो असं ज्यांना वाटतं त्यांनी टॉमीचं नाव एकदा शोधून बघा.

या तयारीत हॉनोल्ड दोनदा जखमी झाला. एकदा दोर संपला आणि तो खाली आला, मणक्यांना मार बसला. एकदा याच कड्याच्या खालच्या भागात घोटा मुरगळला.

आणि मला सिनेमातला सगळ्यात मोठा वाटतो तो प्रसंग. २०१६ च्या शरद ऋतूत तो एकदा पहाटे अंधारात निघाला. दोराशिवाय. कॅमेरे लावलेले, माणसं जागोजागी लटकलेली. खालच्या भागात एक गुळगुळीत तासलेला कातळ आहे, हाताला धरायला काही नाही, नुसत्या बुटाच्या घर्षणावर उभं राहायचं. तिथं तो थांबला. मन लागेना. आणि माघारी फिरला. एवढा खर्च, एवढी माणसं, एवढी वर्षं, सगळ्यांच्या समोर परत खाली आला. कुणी त्याला 'का रे बाबा' म्हटलं नाही.

ही क्लिप मला आजवर एकाही ग्रुपवर आलेली नाही.

काही जण म्हणतात, त्याचा मेंदूच वेगळा आहे, त्याला भीतीच वाटत नाही. यात थोडं तथ्य आहे. जेन जोसेफ नावाच्या शास्त्रज्ञ बाईंनी त्याच्या मेंदूचं एमआरआय केलं होतं, अंगावर काटा येईल अशी चित्रं दाखवली, तर ज्या भागात भीतीची हालचाल दिसायला हवी तिथं फारसं काही दिसलं नाही. पण मग तो त्या पहाटे परत का फिरला? मेंदू काय म्हणतो ते डॉक्टर सांगतील. मी फक्त एवढं बघतो की ज्याला भीती वाटत नाही असं जग म्हणतं, तो माणूस 'आज नको' म्हणू शकत होता.

आता मी सिनेमा मध्येच बंद केला ती जागा.

सिनेमात एक वेगळीच गोष्ट सुरू असते, ती चढाईइतकीच मोठी आहे. चित्रीकरण करणारे सगळे हॉनोल्डचे मित्र, स्वतः पट्टीचे आरोहक. ते आपापसात बसून बोलतात की आपण हे शूट करतोय म्हणून तो चढला आणि पडला तर? आपल्याच फ्रेममधून आपला मित्र खाली गेला तर? जिमी चिन हे कॅमेऱ्यासमोर बोलून दाखवतो, लपवत नाही. म्हणून त्यांनी काही गोष्टी ठरवल्या. त्याला 'कधी चढणार' विचारून टोचायचं नाही. त्याच्या नजरेत येईल असं लटकायचं नाही. ज्या 'बोल्डर प्रॉब्लेम'वर जीव सगळ्यात धोक्यात, तिथं तर माणूसच ठेवायचा नाही, लांबून चालणारे कॅमेरे लावायचे. म्हणजे तिथं तो आणि दगड, एवढेच. आणि खाली दरीत मोठी लेन्स लावून बसलेला मिकी शेफर नावाचा कॅमेरामन, तो तर मान फिरवून बसतो. कॅमेरा चालू, पण त्याला स्वतःला बघवत नाही.

मान फिरवलेला तो माणूस पडद्यावर आला आणि मी लॅपटॉप बंद केला.

का ते सांगतो. आमच्या गावाला नदी आहे, नदीला जुना पूल आहे. कृष्णाकाठच्या लोकांना वेगळं सांगायला नको. कोयनेतून विसर्ग वाढला की पाणी चढतं आणि पोरं पुलावरून उड्या मारतात. मी लहान असल्यापासून मारतात. यात पट्टीचे पोहणारे असतात, नदीकाठच्याच घरातले. पाणी कुठं फिरतं, भोवरा कुठं आहे, कुठल्या घाटाला लागायचं, हे त्यांना त्यांच्या बापानं दाखवलेलं असतं. खाली ट्यूब घेऊन दोघं-चौघं थांबलेले असतात. त्यांचा दोर म्हणजे हाच.

चार वर्षांपूर्वी श्रावणात मी पुलावर उभा राहून अशा दोघांच्या उड्या शूट केल्या. पेजवर टाकल्या. शीर्षक दिलं, 'कृष्णेच्या पुरात वाघांची झेप'. आता लिहितानाही लाज वाटते. दोन दिवसांत दोन लाखांवर लोकांनी बघितलं. माझ्या पेजला एवढं कधीच मिळालं नव्हतं. गावचं पेज म्हणजे काय असतं, दशक्रियेच्या जाहिराती, वाढदिवसाचे फ्लेक्स, ग्रामसभेच्या बातम्या. त्यात हे. डोक्यात गेलं, खोटं कशाला बोलू.

त्या व्हिडिओत ट्यूब घेऊन थांबलेली पोरं नव्हती. मीच कापली होती. लांबी वाढत होती म्हणून.

तिसऱ्या दिवशी पुलावर जत्रा. बाजूच्या गावांतून पोरं आलेली, सगळे मोबाईल काढून. मीही होतोच. त्यात एक पोरगा होता, सतरा-अठरा वर्षांचा, नदीकाठचा नव्हता, वरच्या दुष्काळी भागातला. त्याचं गावही सांगत नाही, नावही नाही. विहिरीत पोहायला शिकलेला. कठड्यावर चढला. मागं वळून माझ्याकडं बघितलं आणि विचारलं,

"दादा, चालू आहे ना?"

मी म्हटलं, "चालू आहे."

त्यानं उडी मारली.

पुरात एकटं पाणी येत नाही. झाडं येतात, ओंडके येतात, मेलेली जनावरं येतात. तो वर आला तो पोहत नव्हता, नुसता वाहत होता. आमच्या त्याच दोन 'वाघांनी' खालच्या घाटाजवळ त्याला धरला, ट्यूबवर टाकून काठाला आणला. वाचला. पण मणक्याला मार लागला होता. आठ महिने अंथरुणात. आज चालतो, एका पायानं ओढत. वडील भेटायला आले होते मला, भांडायला नाही, सरकारी मदत मिळवायला कुठला कागद लागतो ते विचारायला. ते भांडले असते तर बरं झालं असतं.

त्या उडीचा व्हिडिओ माझ्याकडं आहे. टाकला नाही, पण पुसलाही नाही. शेवटी त्यात माझा आवाज आहे.

पत्रकारितेचा डिप्लोमा करताना आम्हाला शिकवलं होतं की बातमीदार म्हणजे आरसा, समोर जे आहे ते दाखवायचं. वीस वर्षं मी हे वाक्य सगळ्यांना ऐकवत आलो, तहसीलदारांना, नगरसेवकांना, चिडलेल्या वाचकांना. पण आरशाकडं बघून कुणी उडी मारत नाही हो. पोरगा मला विचारत होता आणि मी उत्तर दिलं. त्या क्षणी मी आरसा नव्हतो, त्या उडीतला भागीदार होतो. हे मला कुणा सरांनी शिकवलं नाही. मान फिरवून बसलेल्या त्या कॅमेरामनला बघितल्यावर कळलं.

सिनेमा पुढं सहा महिन्यांनी पूर्ण बघितला.

काही मित्र म्हणतील, मग तो सिनेमाही तेच करतोय ना? लोकांना घरबसल्या थरार विकतोय. बरोबर आहे, आणि त्यातून तो पूर्ण सुटत नाही असं माझंही मत आहे. हॉनोल्डच्या पाठीशी कंपन्या होत्या, पैसा होता. २०१४ साली क्लिफ बार नावाच्या कंपनीनं त्याच्यासह काही आरोहकांची प्रायोजकता काढून घेतली होती, एवढी जोखीम आम्हाला आमच्या नावावर नको म्हणून. तेव्हा हॉनोल्डनंच वर्तमानपत्रात लेख लिहिला आणि त्यांचा निर्णय आपल्याला समजतो असं म्हटलं. माझी रेघ मी मारतो, तुम्ही तुमची मारा, असा त्याचा एकूण सूर. मला हा माणूस यासाठी आवडतो. पण त्या रेघा पुसल्या जातात हेही खरं. योसेमिटीतच डेरेक हर्सी १९९३ साली एकट्यानं चढताना गेला. जॉन बाकर, ज्याच्याकडं बघून एक पिढी दोराशिवाय चढायला शिकली, तो २००९ साली कॅलिफोर्नियातल्याच एका कड्यावर गेला. ही काही हौशी, अर्धवट शिकलेली पोरं नव्हती, त्या काळातली सगळ्यात तयार माणसं होती.

अजून एक सिनेमा आहे, 'द अल्पिनिस्ट', २०२१ चा. कॅनडाचा मार्क-आंद्रे लेक्लर्क, विशीतला पोरगा. त्याच्यावर सिनेमा काढणारे कॅमेरे घेऊन मागं, आणि हा पठ्ठ्या गायब! माउंट रॉबसन नावाच्या बर्फाळ पहाडावर एकटाच जाऊन आला, कुणाला न सांगता. विचारलं तर त्याचं म्हणणं असं की सोबत कॅमेरेवाला असेल तर ते एकट्यानं चढणं कसं होईल? मला हसू आलं आणि मग बराच वेळ काही सुचलं नाही. २०१८ च्या मार्चमध्ये अलास्कात जोडीदारासोबत गेला असताना तो गेला. पंचवीस वर्षांचा. मृतदेहही हाती लागले नाहीत.

आपल्या हिरकणीची गोष्ट आठवते का? रायगडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, बाई अंधारात कडा उतरून गेली. तिला बघायला कुणी नव्हतं. कुणी बघावं असं तिला वाटतही नव्हतं. गोष्टीत महाराजांनी पुढं काय केलं? तिचं कौतुक केलं, आणि त्या जागी बुरूज बांधून घेतला. हा दुसरा भाग आपण कौतुकाच्या नादात भरभर सांगून मोकळे होतो. पुन्हा कुणी तिथून उतरू नये याची सोय राजानं केली.

तर त्या क्लासवाल्या सरांना माझं म्हणणं एवढंच आहे, क्लिप दाखवू नका, पूर्ण सिनेमा दाखवा. दीड-पावणेदोन तासांचा आहे. त्यातली वही दाखवा. पाठीवरून दगड वाहणं दाखवा. त्याची तेव्हाची मैत्रीण सॅनी निरोप घेऊन गाडी चालवत निघते तेव्हाचा तिचा चेहरा दाखवा. आणि पहाटे अंधारात परत फिरलेला माणूस दाखवा. मग पोरांना विचारा, यातलं धाडस कुठलं? उत्तरं ऐकण्यासारखी येतील. आणि हो, वर चढून झाल्यावर त्या दिवशी दुपारी काय करणार असं विचारलं तर गडी म्हणाला बोटांचा व्यायाम करीन. एवढा मोठा पराक्रम झाला आणि याची दुपार रोजच्यासारखी.

परवा पुन्हा विसर्ग वाढला. सकाळी मंडळाच्या एका पोराचा फोन, "दादा, पूल भरलाय पोरांनी, येताय न्हवं?" गेलो. मोबाईल गाडीच्या डिकीत ठेवला आणि कठड्याला टेकून उभा राहिलो. एकानं ओळखलं, म्हणाला, "काढा की दादा." म्हटलं, "मोबाईल नाही आणला." त्याला पटलं नाही, पत्रकाराकडं मोबाईल नाही म्हणजे काय. बाहेरगावची दोन पोरं थोडा वेळ थांबली आणि चहाच्या गाड्याकडं गेली. ती माझ्यामुळं गेली की चहाची तल्लफ आली म्हणून, देव जाणे. काठावरचे आमचे नेहमीचे दोघं ट्यूबवाले खाली उभे होते, त्यांच्याजवळ जाऊन तेवढं बोललो की बाहेरचा कुणी कठड्यावर दिसला तर आधी खाली उतरवा. ते म्हणाले, "आमी काय पोलीस हाय का?" तेही खरंच.

त्याच रात्री तालुक्यातली पेजं चालवणाऱ्या आम्हा आठ जणांच्या ग्रुपवर मी लिहिलं की पाणी उतरेपर्यंत पुलावरच्या उड्यांचा एकही व्हिडिओ टाकायचा नाही, कुणी पाठवला तरी नाही. पाणीपातळी टाका, बंद रस्ते टाका, स्थलांतराची माहिती टाका, उडी नको. चौघांनी अंगठा दिला. दोघांनी वाचून सोडून दिलं. सातव्यानं लिहिलं, "कल्पना चांगली आहे भाऊ, पण आपण नाही टाकलं तर पोरं स्वतःच टाकतात. मग आपल्याकडं कोण येणार?"

त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. तुमच्याकडं असेल तर खाली लिहा. आणि त्या क्लिपखाली फुलं टाकणाऱ्यांपैकी कुणाला पूर्ण सिनेमा बघायचा असेल तर सांगा, रविवारी संध्याकाळी माझ्या ऑफिसात लावतो. खुर्च्या बाराच आहेत.